मदत हवी आहे: क्रूझवर घरचे कोकम आगळ नेता येईल का?

आम्ही चौघे डिसेंबरमध्ये मायामीहून कार्निव्हल कंपनीच्या क्रूझवर जाणार आहोत. पहिल्या दिवशी हातातल्या सामानातून प्रत्येकी शीतपेयांचे 12 कॅन आणि 21 वर्षांवरील प्रवाशाला 750 मिलिलिटर वाइनची एक सीलबंद बाटली नेता येते, हे नियमांत वाचले. माझी अडचण मात्र आगळाची आहे. सासूबाईंना जेवणानंतर पाण्यात आगळ कालवून, वर जिरेपूड भुरभुरून घेतल्याशिवाय बरे वाटत नाही, आणि मालवणहून आलेले ते गडद लाल आगळ बिनलेबलाच्या प्लास्टिकच्या बाटलीत आहे. अशी बाटली तपासणीत काढून घेतात का? त्यापेक्षा सुकी आमसुले न्यावीत का? कोणी स्वतः नेले असल्यास कृपया सविस्तर सांगावे. या वयात त्यांची गैरसोय होऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.