भरावावरचं घर, रिटेनिंग वॉल आणि पाईल: कोणाचं ऐकू?

उतारावरचा: नमस्कार मंडळी. देवरुखजवळ उताराचा प्लॉट आहे, वरच्या अंगाला कातळ आणि खालच्या अंगाला दोन वर्षांपूर्वी टाकलेला मातीचा भराव, साधारण ३ मीटर. खालच्या हद्दीला आरसीसी रिटेनिंग वॉल, म्हणजे भराव अडवून धरणारी भिंत, घालायचीय. कंत्राटदार म्हणतो भिंतीला भोकं नकोत, पाणी शेजाऱ्याच्या परड्यात जाईल, आणि घराला सगळीकडे साधं फुटिंग (कॉलमखालचा उथळ पाया) चालेल. इंजिनियर म्हणतो भरावातल्या सहा कॉलमना पाईल (खाली कातळापर्यंत नेलेले काँक्रीटचे खांब) कर. आई-बाबा तिथे राहणार आहेत म्हणून जीवाला घोर लागलाय.

जांभ्या: भोकं ठेवाच! आमची भिंत भोकांशिवाय बांधली, दुसऱ्याच पावसाळ्यात मधोमध पोट आलं, बोट जाईल एवढी फट पडली आणि त्यातून लाल पाणी गळत होतं. आपले जुने दगडी गडगे बघ, नुसते रचलेले असतात, फटीफटीतून पाणी निघून जातं म्हणून तर टिकतात.

साईटवरची: दादा, हिशोबच बघा. ३ मीटर उंचीला निथळलेली माती दर मीटर लांबीमागे अडीच-तीन टनाने ढकलते. मागे पाणी वरपर्यंत तुंबलं तर नुसत्या पाण्याचेच साडेचार टन, मातीचा रेटा वेगळा. भोकांसाठी ७५ ते १०० मिमीचे पाईप, दीड-दोन मीटरवर, बाहेर थोडा उतार देऊन. मागे खडी आणि जिओटेक्स्टाईल (पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड) हवंच, नाहीतर माती येऊन बुजतात. शेजाऱ्यासाठी भिंत जरा आत घेऊन पायथ्याशी आपल्याच हद्दीत गटार काढा.

आणि पाईलचं इंजिनियर बरोबर सांगतायत. अर्धं घर कातळावर नि अर्धं भरावावर म्हणजे भराव बसला की सांध्यावर भिंती तडकणार. शिवाय भरावातलं फुटिंग घराचं वजन भिंतीवर ढकलतं, पाईल तेच वजन खाली कातळात नेतो. फक्त बसणारा भराव पाईललाही खाली ओढतो, तो भार डिझाईनमध्ये धरलाय का विचारा.

उतारावरचा: ताई, खूप आभार. मग आधी भिंत की आधी पाईल?

साईटवरची: क्रम इंजिनियरकडून लिहून घ्या. ताज्या भिंतीमागे कडेला रिग (पाईलचे बोअर, म्हणजे खोल खड्डे, पाडणारं मशीन) उभी करू देऊ नका, तिचं वजनही भिंतीवरच येतं. आणि काँक्रीट ओतायच्या आधी बोअरच्या तळातला गाळ काढलाय का ते स्वतः उभं राहून बघा, दोरीला वजन बांधून सोडलं की कळतं, कातळावर टणकन आपटतं, गाळात मऊ बसतं.