चार पौंडांनी हुकलेल्या आजी
ब्रिटनमध्ये हिवाळ्यात घर गरम ठेवायला सरकार म्हाताऱ्यांना पैसे देतं, त्या विंटर फ्युएल पेमेंटच्या कपातीवर ‘ती श्रीमंत म्हाताऱ्यांचीच ओरड होती’ असं कुणीतरी लिहिलंय. अर्धंच खरं. बंगलेवाल्यांनाही ते २००-३०० पौंड मिळायचे, हे मान्य. पण २०२४ मध्ये ते पेन्शन क्रेडिटसारख्या, कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांच्या भत्त्यांना जोडले, म्हणजे ते भत्ते मिळणाऱ्यांनाच दिले, आणि तिथेच घोळ झाला. एकट्या माणसासाठी पेन्शन क्रेडिटची उत्पन्नाची मर्यादा तेव्हा साधारण आठवड्याला २१८.१५ पौंड होती.

आमच्या शेजारच्या आजी चार पौंडांनी वर, म्हणून बाद! त्यांचा अर्ज भरायला मीच बसलो होतो. फॉर्मात दोनशेच्या वर प्रश्न, दोनदा चहा झाला, आजी घरातही कोट घालूनच. जून २०२५ मध्ये सरकारनं माघार घेऊन मर्यादा वर्षाला ३५,००० पौंड केली. पण तो हिवाळा केव्हाच उलटला होता.