असईच्या लढाईवाला वेलस्ली आणि त्याचे कागद

वर कुणीतरी म्हटलंय की आर्थर वेलस्लीची (असईत शिंदे-भोसल्यांना हरवणारा इंग्रज सेनापती, पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला तो) सगळी पत्रं छापून झालीत, नेटवर फुकट मिळतात, आता असईबद्दल नवीन काय सापडणार. अर्धंच पटलं. छापलेली आहेत हे खरं, पण १८३४ पासून जे खंड निघाले ते साहेब हयात असताना, त्याच्या नजरेखालून निघाले, आणि ज्यांच्यावर ताशेरे होते त्यांची नावं बऱ्याच ठिकाणी सरळ उडवलीत. पुढं पोरानं, म्हणजे दुसऱ्या ड्यूकनं, १८५८ पासून पुरवणी खंड काढले, त्यात हिंदुस्थानातलं बरंच आलं, तरी छापील ते छापीलच. मूळ कागद १९८३ पासून साउदॅम्प्टन युनिव्हर्सिटीत आहेत, लाखभर तरी कागद, घराण्यानं कौतुकानं दान दिले असं नाही हो, टॅक्सच्या बदल्यात सरकारजमा झाले.

आमचं गाव भोकरदनकडचं. २३ सप्टेंबर १८०३ ला केळना आणि जुईच्या मधल्या बेचक्यात लढाई झाली, तिकडनं नेहमी जाणं होतं. वाटाड्यांनी नदी ओलांडायला उतार नाही म्हणून सांगितलं, पण नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर गावं दिसल्यावर वेलस्लीनं ओळखलं की येण्याजाण्याला उतार असणारच, हे आमच्याकडं कुठल्याबी गुराख्याला कळतं, त्यात एवढं काय! त्यामुळं नुसते साहेबाचे कागद वाचून भागत नाही, पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी रुमालही (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोबत लावून वाचायला पाहिजेत.