आठपैकी आठ विजय: डेट्रॉइटचा १९५२चा पराक्रम आज उणा ठरतो का?

चर्चाप्रस्ताव

१९५२ साली डेट्रॉइट रेड विंग्जने टोरांटो आणि माँट्रियल या दोन्ही संघांना ओळीने चार-चार सामन्यांत हरवून उत्तर अमेरिकेतील आइस हॉकी लीगचा स्टॅनले कप जिंकला. त्या आठ सामन्यांत गोलरक्षक टेरी सॉचक याने अवघे पाच गोल होऊ दिले, आणि घरच्या ऑलिंपिया स्टेडियमवर झालेल्या चारही सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांची पाटी कोरीच राहिली. १५ एप्रिलला, अखेरच्या सामन्यात, मासळीविक्रीचा व्यवसाय असलेल्या दोघा भावांनी बर्फावर ऑक्टोपस भिरकावला, कारण त्याचे आठ पाय म्हणजे कपासाठी लागणारे आठ विजय. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, याहून निर्भेळ यश मला दुसरे दिसत नाही.

प्रतिसाद १

सॉचकविषयी दुमत नाही; ‘निर्भेळ’ या शब्दाला मात्र माझी हरकत आहे. तेव्हा लीगमध्ये सहाच संघ होते आणि दोन फेऱ्यांत कप हाती येत असे. १९८८च्या एडमंटन ऑयलर्सना चार फेऱ्या पार कराव्या लागल्या. त्यांनी सोळा सामने जिंकताना दोनच गमावले, आणि बॉस्टनमधील अंतिम फेरीचा चौथा सामना ३-३ अशा बरोबरीत असताना वीज जाऊन थांबला, तरी घरी परतून त्यांनी कप जिंकलाच. केवळ न हरणे हाच निकष असेल, तर १९२९चे बॉस्टन ब्रुइन्सही पाचपैकी पाच जिंकले होते. त्यांना आपण या पंक्तीत बसवत नाही, ते सामने थोडे होते म्हणूनच ना?

प्रतिसाद २ (प्रस्तावकाकडून)

बॉस्टनचा मुद्दा रास्त आहे आणि तो मी मान्य करतो. पण सहा संघ म्हणजे सोपी वाट, हे मला पटत नाही. सत्तर सामन्यांच्या हंगामात प्रत्येक संघ दुसऱ्याशी चौदा वेळा भिडत असे, त्यामुळे डेट्रॉइटचा आक्रमक गॉर्डी हाऊ कोठून फटका मारतो हे माँट्रियलच्या बचावपटूंना तोंडपाठ असणार. इतक्या ओळखीच्या प्रतिस्पर्ध्याला एकदाही संधी न देणे मला सोळा विजयांइतकेच कठीण वाटते.

प्रतिसाद ३

मग १९६०च्या माँट्रियलचे काय? त्यांनीही आठपैकी आठ जिंकून सलग पाचवा कप मिळवला, आणि मुखवटा घालून खेळणाऱ्या गोलरक्षक जॅक प्लांतने तीन सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही.

प्रतिसाद ४ (प्रस्तावकाकडून)

त्यांचा मान मोठाच आहे. तरी शिकागोविरुद्धचे पहिले दोन्ही सामने त्यांनी ४-३ असे निसटते जिंकले, त्यांतला दुसरा तर जादा वेळेत. डेट्रॉइटला आठही सामन्यांत जादा वेळेची गरज पडली नाही, म्हणून माझे मत १९५२च्याच बाजूने आहे.