गोल्फ टाउनशिपचा बिल्डर दिवाळखोरीत, बाबांचे पैसे अडकलेत. सल्ला हवा

मीनल_७९:
बाबांनी निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा एका गोल्फ टाउनशिपमधल्या फ्लॅटमध्ये घातला. फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर, कर्ज माझं. ८० टक्के रक्कम भरून झालीये. गोल्फ कोर्स आणि क्लबहाउस तयार, आमचा टॉवर मात्र सातव्या स्लॅबला अडीच वर्षं अडलाय. महारेरात परताव्याचा आदेश मिळाला, वसुलीचं वॉरंटही निघालं. तेवढ्यात परवा पेपरात नोटीस आली, कंपनी एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधिकरणात) गेली म्हणून. आता त्या आदेशाचं काय? हप्ते थांबवू का? बाबांना रात्र रात्र झोप नाही.

सह्याद्रीवारा:
आधी नोटिशीतली दाव्याची शेवटची तारीख बघा. रिझोल्यूशन प्रोफेशनलच्या (कंपनीचा कारभार बघायला आणि दावे घ्यायला नेमलेल्या व्यक्तीच्या) नियुक्तीपासून १४ दिवसांची मुदत असते. नंतरही कारण देऊन दावा करता येतो, पण ठराविक टप्प्यापर्यंतच. घर घेणाऱ्यांसाठी फॉर्म सीए असतो. करारनामा, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि रेराचा आदेश जोडा. मोरेटोरियम (कंपनीकडून वसुलीला तात्पुरती स्थगिती) लागल्यामुळे वॉरंटची वसुली थांबेल. पण आदेश हातात आहे म्हणून तुमचा घर खरेदीदाराचा दर्जा जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. दाव्यात व्याजही मांडा.

हप्ते बंद करू नका. मोरेटोरियम कंपनीला आहे, तुम्हाला नाही. सिबिल बिघडेल आणि बँक तुमच्याच मागे लागेल. झेपत नसेल तर बँकेत जाऊन मुदत वाढवून मागा.

ओंकार_पी:
वरच्यांशी सहमत. मन मात्र लांबच्या वाटेसाठी तयार ठेवा. नोएडाचं विश टाउनही गोल्फ कोर्सभोवतीच आखलेलं होतं. ते बांधणारी जेपी इन्फ्राटेक ऑगस्ट २०१७ मध्ये या प्रक्रियेत गेली, सुमारे २० हजार ग्राहक अडकले आणि एनसीएलटीने सुरक्षा समूहाची कंपनी ताब्यात घेऊन घरं पूर्ण करायची योजना मंजूर केली ती मार्च २०२३ मध्ये. सुरुवातीला तर घर घेणाऱ्यांना धनकोंच्या (कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांच्या) समितीत जागाच नव्हती, आणि योजनेवर मतदान तीच करते. २०१८ च्या कायदा दुरुस्तीने ते बँकांसारखेच वित्तीय धनको झाले. तो हक्क वापरा.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न गोल्फच्या जमिनीचा आहे. १८ होलच्या कोर्सला शंभराहून जास्त एकर लागतात. त्या जमिनीतून फ्लॅट विकले जात नाहीत, पण पाणी, गवत, माणसं यांचा खर्च पहिल्या दिवसापासून चालू. विक्रीसाठी म्हणून बिल्डर कोर्स आधी उभा करतो आणि टॉवरची वेळ येते तेव्हा हात रिकामे. तर ती जमीन नक्की कोणत्या कंपनीच्या नावावर आहे आणि कोणाकडे गहाण आहे, हे सातबारा आणि कंपनीच्या चार्ज (तारण) नोंदींवरून काढा. जेपीत ग्राहकांनी जिच्याकडे घरं घेतली त्या जेपी इन्फ्राटेकची जमीन तिच्या मूळ कंपनीच्या कर्जासाठी गहाण टाकली होती. त्यातल्या ७५८ एकरांवरची गहाणखतं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टिकू दिली नाहीत. तुमच्याकडे असं काही सापडलं तर रिझोल्यूशन प्रोफेशनलला लेखी कळवा, तोंडी नको.

शरयू_के:
आमचाही प्रकल्प असाच गेला. एक चूक सांगते: धनकोंच्या समितीतल्या आपल्या प्रतिनिधीला मत कळवताना आमच्यातले निम्मे गप्प बसले. घर खरेदीदारांचं मत मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने ठरतं आणि सगळ्यांच्या नावे एकच जातं. ग्रुपवर नुसती चिडचिड करून काही होत नाही, मतदानाच्या लिंकवर मत द्यावं लागतं. आणि बाबांना एकटं सोडू नका.

मीनल_७९:
खूप आभार. मुदतीला नऊ दिवस आहेत, आजच कागद काढले. क्लबच्या सदस्यत्वाचे वेगळे भरलेले पैसे त्याच दाव्यात टाकायचे का?

सह्याद्रीवारा:
हो, वेगळ्या ओळीत दाखवा आणि पावती जोडा. मान्य करायचे की नाही ते प्रोफेशनल ठरवेल, पण मागायचे राहू देऊ नका.