दगडाचा पट्टा लागला की शिअररचा ऑटो स्पीड गडबडतो

फेसवरचा:
आमचा शिअरर (फेसलगत, म्हणजे कोळशाच्या भिंतीलगत, सरकत फिरत्या ड्रमने कोळसा कापणारं मशीन) कटर मोटरच्या करंटवरून स्वतःच वेग ठरवतो. करंट चढला की हॉलेज (मशीन पुढे सरकवणारी यंत्रणा) मंद, उतरला की जोरात. निव्वळ कोळशात मिनिटाला 6 मीटरने छान चालतो. पण सध्या थरात हातभर जाडीचा दगडाचा पट्टा लागलाय, तोही तुटक. ड्रम दगडावर आला की मशीन थबकतं, करंट जरा उतरला की झेप घेतं आणि परत दगडावर आदळतं. काल दोनदा ट्रिप होऊन बंद पडलं. ऑपरेटर म्हणतात, ऑटो बंद करा, आम्ही हाताने चालवतो. माझं मन तयार होत नाही. हाताने चालवायचं म्हणजे माणसाला धुळीत ड्रमच्या जवळ जाऊन उभं राहावं लागणार. कुणी यातून मार्ग काढलाय का?

जुना फिटर:
आधी सप्लाय तोडा, लॉक लावा आणि पिक्स (ड्रमवरचे कापणारे दाते) बघा. पिक बोथट झाली तरी करंट चढतोच. दगड कुठला आणि बोथट पिक कुठली, हे मशीनला कसं कळणार? होल्डरमध्ये पिक हाताने फिरते का तेही पाहा. अडकलेली पिक एकाच बाजूने घासते. शिवाय बोथट पिक दगडावर ठिणग्या पाडते. मिथेनच्या खाणीत ही हयगय जिवावर बेतते. ड्रमवरचे पाण्याचे फवारेही त्याच वेळी तपासून घ्या.

कंट्रोलवाली:
फिटरदादा म्हणतात ते आधी कराच. मग रॅम्प (वेग किती झटपट बदलतो ते) बघा. बहुतेक वेग घटवायचा आणि वाढवायचा रॅम्प सारखाच ठेवला असेल. घटवताना झटपट, वाढवताना सावकाश, असं हवं. आणखी एक, करंट दगड लागल्यावरच बोलतो, आधी नाही. पण एका कटची खोली मीटरभराच्या आसपास असते, त्यामुळे मागच्या फेरीत पट्टा जिथे होता, या फेरीतही साधारण तिथेच भेटणार. फेसलगत ओळीने छत धरून उभ्या असलेल्या सपोर्टचे नंबर टिपून ठेवा, त्या टप्प्यात वेगाची कमाल मर्यादाच खाली आणा.

फेसवरचा:
दोघांचेही मनापासून आभार. एका ड्रमवर 11 पिक्स अडकलेल्या निघाल्या, चार तर चपट्या झालेल्या. हे मीच आधी बघायला हवं होतं. पिक्स बदलल्या, रॅम्प बदलला; आजच्या पाळीत एकदाही ट्रिप नाही. दगडाच्या कडेला पहिला दणका मात्र अजून बसतो. पट्टा 42 ते 60 नंबरच्या सपोर्टसमोर आहे, रात्रपाळीत तेवढ्या भागाला मर्यादा लावतोय.