अनुभव धागा: तुंगनाथला कोणत्या महिन्यात गेलात, आणि काय हुकलं?

आईला उत्तराखंडातल्या तुंगनाथच्या शिवमंदिराला न्यायचंय. वय ६४, सिंहगड अजून पायी चढते, पण उंचीवर कधी गेलेली नाही. गाडीरस्त्यावरच्या चोपत्यापासून जेमतेम चार किलोमीटरची फरसबंद वाट, पण मंदिर जवळपास ३,६८० मीटरवर. "मे नाहीतर ऑक्टोबर" हे सगळेच सांगतात, तेवढ्याने माझं भागत नाही. गेला असाल तर महिना लिहा, काय मिळालं ते लिहा आणि काय हुकलं ते आधी लिहा.

*

मे. दोन मुलं शाळेत, त्यामुळे हा महिना आम्ही निवडला नाही, तो पदरात पडला. चारधामची गर्दी त्याच रस्त्याने जाते, ऋषिकेशहून चोपत्याला पोचेपर्यंत रात्र झाली. दुसऱ्या दिवशी आरामात नाश्ता करून नऊला निघालो, ही चूक. बारापर्यंत ढग, मग गारा. दर्शन छान झालं, मंदिराच्या वरच्या चंद्रशिला माथ्यावरून मात्र पांढरा पडदा. मुलं हट्टाला पेटली म्हणून तिसऱ्या दिवशी पहाटे चारला परत चढलो आणि चौखंबा शिखर समोर! वाटेच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग उरले होते, मुलांना तेवढ्यात स्वर्ग.

*

आमची गंमत वाचा. "श्रावणात गर्दी असणार" म्हणून कालनिर्णय बघून आषाढातच निघालो. तिकडचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, आपला अमावास्येनंतर. म्हणजे आपला आषाढाचा दुसरा पंधरवडा हा त्यांचा ऐन सावन! हरिद्वारपासून कावडियांचा भगवा पूर, गाडी मुंगीच्या गतीने. पुढे सिरोबगडला दरड, पाच तास तिथेच, शेजारच्या ट्रकवाल्याने चहा पाजला. खालच्या जंगलात जळवा.

पण खरं सांगू? वर बुग्याल, म्हणजे डोंगरमाथ्यावरची कुरणं, इतके हिरवे की डोळे निवले, वाटेवर आम्ही चौघं आणि मेंढ्या. शिखरं तीन दिवसांत एकदाही दिसली नाहीत. मी एकटा पुन्हा जाईन, आईला नेणार नाही. आणि पावसाळा म्हणजे जुलै-ऑगस्टच असंही धरू नका, केदारनाथचा प्रलय २०१३च्या १६-१७ जूनला आला होता.

*

दिवाळीची सुट्टी, २०२२. भाऊबीज घरी ओवाळून घेतली आणि दुसऱ्या दिवशी डेहराडूनला उतरलो, बेत केदारनाथ आणि तुंगनाथ दोन्हींचा. केदारनाथचं कपाट, म्हणजे मंदिराचं दार, हिवाळ्यासाठी भाऊबीजेलाच बंद होतं हे टॅक्सीत बसल्यावर चालकाने सांगितलं. दरवर्षीचा नियम, आणि आम्ही दोन महिने बेत आखत होतो! बायको रुद्रप्रयागपर्यंत बोलली नाही. गुप्तकाशीला मात्र हिवाळ्यासाठी खाली उखीमठकडे निघालेली केदारनाथच्या देवाची डोलीच (पालखी) मुक्कामाला भेटली; ढोल, गर्दी, फुलं. मग ती बोलू लागली.

तुंगनाथ तेव्हा उघडं होतं. आकाश असं की नंदादेवी बोटाने दाखवावी. रात्री नळ गोठला, सकाळी बादलीतला बर्फ फोडून तोंड धुतलं. तुंगनाथ बंद होण्याची तारीख दसऱ्याला जाहीर होते, दरवर्षी वेगळी. तिकीट त्यानंतर काढा.

*

फेब्रुवारी. चोपत्याच्या अलीकडच्या दुगलबिट्ट्याच्या पुढे रस्ता बर्फाने बंद, तिथूनच पायी. बुटांना काटेरी साखळ्या, सोबत सारी गावचा वाटाड्या, त्याच्याशिवाय वाट कुठली हेच कळलं नसतं. मंदिराचं दार बंद, पायऱ्या गडप. उत्सवमूर्ती हिवाळ्यात खाली मक्कूमठला असते, तिथे उतरताना दर्शन घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "देव खाली आणि तुम्ही वर, मग गेलात कशाला?" उत्तर अजून सुचलेलं नाही.

*

थोडं वेगळं लिहितो, कारण धागा आईसाठी आहे. आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलो, हवा अगदी पाहिजे तशी. तरी बाबांना मंदिराच्या अलीकडे डोकं ठणकून उलटी झाली. दिल्लीहून रात्रभर प्रवास, दुपारी चोपता, लगेच दुसऱ्या सकाळी चढाई. शरीराला वेळच दिला नाही. अर्ध्यातून उतरलो, खाली आल्यावर तासाभरात बरे. उखीमठला एक आणि चोपत्याला एक अशा दोन रात्री काढा, आणि डॉक्टरांना आधी विचारा. घोडा मिळतो, पण घोड्यावर बसलं म्हणून उंची कमी होत नाही.

*

धागाकर्ती पुन्हा. सगळं आईला वाचून दाखवलं. ऑक्टोबर जवळजवळ ठरला होता, उखीमठच्या मुक्कामासकट. तेवढ्यात तिने बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) लाल फुलांचा फोटो बघितला आणि आता तेच हवंय. बुरांश मार्च-एप्रिलमध्ये फुलतो, कपाट उघडतं एप्रिलअखेर किंवा मेमध्ये, आणि ती तारीख कळते बैसाखीला. कपाट उघडल्याच्या आठवड्यात कोणी गेलंय का? चोपत्याच्या आसपास तेव्हा झाडावर फुलं शिल्लक होती का, तेवढंच सांगा.